अर्धा सिंहगड, घरातल्या घरात

सकाळी पावणेसातला मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, चाळीस मिनिटांत पाचशे वीस कॅलरी! स्क्रीनचा फोटो पाठवलाय, बघा." हा पुण्यात धायरीला राहतो, वय ४८, वजन ७८ किलो. व्यायामाची सायकल त्यानं तीन आठवड्यांपूर्वी जुनी विकत घेतली. आकडा सांगून झाल्यावर त्याचा आवाज जरा उतरला. "पण काटा हलत नाहीये हो. सायकल बिघडलीय की मी?"

रविवारी त्याच्याकडे गेलो. मी तीस वर्षं डिप्लोमाच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे माणसाच्या आधी यंत्र तपासायची खोड आहे. मोबाइलवर मिनिटाला साठ अशी टिकटिक लावली आणि पेडल जड-हलकं करायचा रेझिस्टन्सचा नॉब एकवर ठेवून त्या ठेक्यावर पाच मिनिटं पेडल मारलं. पाय आपोआप फिरत होते, मी बाल्कनीतून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघत होतो. स्क्रीन म्हणाला, ५१ कॅलरी. मग नॉब आठवर नेला. तोच ठेका, तीच पाच मिनिटं. यावेळी रंगकाम दिसलं नाही, चष्म्यावर वाफ आली, शेवटच्या मिनिटाला मांड्या पेटल्या. स्क्रीन म्हणाला, ५१ कॅलरी.

बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं तेव्हा कारण दिसलं. पेडलच्या चक्रावर चण्याएवढा लोहचुंबक चिकटवलेला, आणि शेजारी दोन तारांचा एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की सेन्सर एक टिचकी देतो. स्क्रीन त्या टिचक्या मोजतो, त्यांना कारखान्यात ठरवलेल्या एका आकड्यानं गुणतो आणि 'कॅलरी' म्हणून दाखवतो. रेझिस्टन्सच्या नॉबची तार थेट ब्रेककडे जाते, स्क्रीनशी तिचा संबंधच नाही. म्हणजे साहेबांना फक्त हजेरी कळते, काम कळत नाही. आणि समोर ७८ किलोचा माणूस बसलाय की ५० किलोचा, हे तर त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

महागड्या सायकलींवर जोर मोजण्याची सोय असते. पण आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या, नॉब हातानं फिरवायच्या साध्या सायकलींचा कारभार बहुतेक असाच असतो.

मग खरं काम मोजायचं कसं? त्यासाठी वॉट समजून घ्यायला हवा, आणि तो समजायला पुणेकरांइतका सोयीचा डोंगर कुणाला मिळणार नाही. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपण साधारण ६०० मीटर उंची चढतो. मेहुण्याचे ७८ किलो ६०० मीटर वर न्यायचे तर ७८ गुणिले ९.८ गुणिले ६००, म्हणजे सुमारे ४५९ किलोज्यूल काम होतं. हे झालं फक्त वजन उचलण्याचं काम. पुढे चालण्याचं, दगडांवर तोल सांभाळण्याचं वेगळं. तो दीड तासात वर पोहोचला, तर ४५९ किलोज्यूल भागिले ५४०० सेकंद, सरासरी ८५ वॉट. दर सेकंदाला किती काम, एवढाच वॉटचा अर्थ.

सायकलवरही हेच. पेडलवर १०० वॉटचा जोर लावून सव्वा तास बसलात, तर त्याच्या वजनाच्या माणसाचा एक सिंहगड होतो. आता १०० वॉट म्हणजे एक जुना पिवळा बल्ब, त्यात काय एवढं, असं वाटतं. पण व्यायामाची सवय नसलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या बऱ्याच लोकांना १०० वॉट अर्धा तास टिकवणंही जड जातं. पहिले काही महिने पुरुषांचे ७०-९० आणि बायकांचे ५०-७० वॉट होत असतील, तरी ते वाईट नाही.

इथे निसर्गानं गणित सोपं करून ठेवलंय. आपले स्नायू काही फार काटकसरीचे नाहीत. खाल्लेल्या ऊर्जेतला साधारण २० ते २५ टक्के भागच पेडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्याची उष्णता होते. दुसरीकडे आहारातली एक कॅलरी (शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात) म्हणजे ४.१८ किलोज्यूल. एकीकडे चौपट गळती, दुसरीकडे चौपट माप, दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. म्हणून पेडलवर जेवढे किलोज्यूल काम झालं, साधारण तेवढ्याच कॅलरी शरीरानं खर्च केल्या, असं बिनधास्त धरायचं. मेहुण्यानं ८० वॉटनं ४० मिनिटं चालवली, तर १९२ किलोज्यूल. म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी.

पाचशे वीस कुठे आणि दोनशे कुठे. त्याचा चेहरा पडला. त्यात आणखी एक बारीक मेख सांगायची राहिलीच होती. काही स्क्रीन आपण नुसते बसून खर्च केल्या असत्या त्या कॅलरीही बेरजेत धरतात. नुसतं बसलेलं शरीर दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी वापरतं. त्याच्या हिशेबानं ४० मिनिटांत ५२ कॅलरी तर तो पेपर वाचतानाही खर्च करतोच.

सायकल वॉट दाखवत नसेल, तर शरीरालाच विचारावं. डॉक्टर लोक यासाठी 'बोलून बघा' ही चाचणी सांगतात. मध्यम व्यायामात बोलता येतं पण गाता येत नाही, जोराच्या व्यायामात चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. मी त्या चाचणीची पाढ्यांची चाचणी केली. पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस, पंधरा त्रिक पंचेचाळीस, पंधरा चोक साठ. एवढं एका दमात सहज होत असेल तर नॉब अजून ढिला आहे. 'त्रिक'पाशी श्वास लागला तर मध्यम. प्रत्येक ओळीनंतर थांबावं लागलं तर जोराचा. आणि पाढाच आठवेनासा झाला तर उतरा.

मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ असेल तर तेही चालेल. जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ४८ वर्षांसाठी १७२ येतात. २००१ साली सुचवलेलं दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, १७४ देतं. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या साधारण ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मेहुण्यासाठी ११० ते १३०. पण ही सूत्रं सरासरीची आहेत. खऱ्या माणसाचा आकडा त्यापेक्षा दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असू शकतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात, मग घड्याळापेक्षा पाढे बरे.

आता वजनाकडे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मेहुण्यानं आठवड्यातून पाच दिवस दोनशे-दोनशे खर्च केल्या तर आठवड्याला हजार. खाण्यात काहीही वाढ झाली नाही, असं धरलं तरी एक किलोला पावणेआठ आठवडे लागतील. तीन आठवड्यांत काटा हलला नाही यात सायकलीचाही दोष नाही आणि त्याचाही नाही. तेवढ्या काळात चरबी घटली असेल चारशे ग्रॅम, आणि माणसाचं वजन सकाळ-संध्याकाळमध्येच एक-दीड किलो हलतं. स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याबरोबर, दर ग्रॅमला तीनएक ग्रॅम, पाणी बांधलेलं असतं. नवा व्यायाम सुरू केला की हा साठा वाढतो, त्यामुळे सुरुवातीला काटा उलट वरही जातो. उलट दिशेचं उदाहरण म्हणजे पहिल्याच आठवड्यात 'तीन किलो गेले' म्हणणारे. त्यांचं बहुतेक पाणीच गेलेलं असतं.

"खाण्यात वाढ झाली नाही असं धरलं तर," हे मी मुद्दाम दोनदा म्हटलं, तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "धरू नका भावोजी. सायकल झाली की दोन पोळ्या जास्त जातात, आणि पाचशे जाळल्यात म्हणून वर शेव." म्हणजे सायकलवर दोनशे गेल्या आणि ताटात तीनशे आल्या. स्क्रीनवरचा खोटा आकडा नुसता खोटा नसतो, तो खाण्याची परवानगी देतो. माझ्या मते या सायकलींचं सगळ्यात मोठं नुकसान हेच. गुडघ्याबिडघ्याचं नंतर.

तेलाचा हिशेब बघा. तेलाचा एक ग्रॅम म्हणजे ९ कॅलरी, एक लहान चमचा म्हणजे ४० च्या आसपास. पाच चमचे तेल म्हणजे दोनशे, म्हणजे मेहुण्याची चाळीस मिनिटं. त्यांच्याकडे महिन्याला किती तेल लागतं ते विचारलं. चौघांत पाच लिटरचा डबा पुरत नाही म्हणाली. पाच लिटर भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, डोक्यामागे रोजचे आठ चमचे, तळणासह. त्यातले तीन कमी केले की सव्वाशे कॅलरी वाचल्या, कपाळावर घामाचा थेंब न येता. दिवसाला तीन चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, ही आणखी शंभर. मी काही आहारतज्ज्ञ नाही, पण बेरीज-वजाबाकीला तज्ज्ञ लागत नाही. वजन मुख्यतः ओट्यापाशी उतरतं. सायकल त्याला हातभार लावते, आणि एकदा उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात तिचा वाटा आणखी मोठा असतो.

"मग कशाला दामटू?" त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर पुण्यातच, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये आहे. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, ही आपल्या लोकांची ठेवण. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ वर ओढतात आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात.

सायकल कामाला येते ती इथे. नियमित दम लागणाऱ्या व्यायामानं पोटातली, यकृताभोवतीची चरबी कमी होते, काटा फारसा हलला नाही तरीही. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना नेहमीइतकं इन्सुलिन लागत नाही. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासानं वीस मिनिटं आरामात पेडल मारलं तर साखरेची उसळी कमी राहते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून तेच ८० वॉट दोन महिन्यांनी कमी ठोक्यांत होतात. मेहुण्यानं काट्याऐवजी ही खूण धरावी असं मी सांगितलं. नॉब तोच, ठेका तोच, दहाव्या मिनिटाला ठोके किती, आणि रविवारी सकाळी बेंबीपाशी टेप लावून कंबर किती.

किती करायचं याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला सोपा आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचा. यातलं शेवटचं लोक सोयीनं विसरतात. सायकलवर शरीराचा भार सीट घेते. दुखऱ्या गुडघ्यांना ते सुखाचं, पण हाडांना त्यातून फारसं काही मिळत नाही, आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. तेव्हा जिना चढणं, खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर जोर, आणि ताटात डाळ-उसळ-दही-अंडं यांतलं काहीतरी, हे सायकलीच्या जोडीला हवंच.

कमी जोरात चालवलं की 'फॅट बर्न' जास्त होतं, हेही त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. अर्धसत्य आहे. हळू चालवताना खर्चातला चरबीचा हिस्सा मोठा असतो हे खरं, पण खर्चच लहान असतो. दिवसाअखेर जमाखर्च एकूण कॅलरींवरच ठरतो. पाय फिरतात म्हणून मांड्याच बारीक होतात, हेही नाही. चरबी कुठून काढायची ते शरीर ठरवतं, आपल्याला न विचारता.

जोराच्या मिनिटांबद्दल एक शब्द. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, असा 'ताबाता' प्रकार मोबाइलवर फार फिरतो. जपानच्या इझुमी ताबाता यांचा १९९६ चा मूळ प्रयोग स्थिर सायकलवरच झाला होता, पण बसवले होते तरणेबांड, खेळात मुरलेले विद्यार्थी. अठ्ठेचाळिशीच्या माणसानं पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नये. एक मिनिट जरा जोर, दोन मिनिटं हलकं, असं पाच-सहा वेळा, तेही चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, एवढं पुरे.

आता सीट. मेहुणा ज्या उंचीवर बसत होता ते बघून मला तीनचाकी चालवणारी पोरं आठवली. गुडघे छातीला लागायचे बाकी होते. सायकल विकणाऱ्यानं ज्या उंचीला ठेवली होती, त्याच उंचीला हा तीन आठवडे बसला. सायकलशेजारी उभं राहा, सीट कमरेच्या हाडाच्या जवळपास यायला हवी. मग बसून पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ व्हायला हवा. चालवताना मात्र पेडलवर टाच नाही, चवडा ठेवायचा, म्हणजे खालच्या टोकाला गुडघा थोडासा, पंचवीस ते पस्तीस अंशांत, वाकलेला राहतो. त्याची सीट मी चार भोकं वर घेतली. "पडेन हो!" म्हणाला. दोन मिनिटांत सवय झाली आणि गुडघ्याच्या वाटीपुढचा ठणका, जो त्यानं आत्तापर्यंत सांगितलाच नव्हता, त्याच दिवशी निम्मा झाला. ठोकळ नियम असा की गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. बसल्यावर कुल्ले डावी-उजवीकडे हलत असतील तरीही सीट फार वर आहे.

ठेका मिनिटाला साठ ते नव्वद फेऱ्या. जड नॉबवर कण्हत चाळीस फेऱ्या मारण्यापेक्षा हलक्या नॉबवर पंचाहत्तर मारणं गुडघ्यांना मानवतं.

सायकल अजून घ्यायची असेल तर थोडक्यात सांगतो. स्वस्त प्रकारात चाकावर फेल्टची गादी घासून रोध देतात. ती झिजते, किरकिरते, कधी जळका वास येतो. चुंबकाच्या प्रकारात काहीच कशाला टेकत नाही. फिरणाऱ्या धातूच्या चाकाजवळ चुंबक आला की धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते चाकाला मागे ओढतात. तांब्याच्या नळीतून लोहचुंबक सोडला की तो तरंगत आल्यासारखा खाली येतो, हा खेळ मी वर्गात दरवर्षी करायचो, तत्त्व तेच. ही शांत असते, खालच्या मजल्यावरचे काका वर येत नाहीत. हलत्या दांड्यांच्या पंखेवाल्या सायकलीत हवा रोध देते आणि वेग दुप्पट केला की वॉट आठपट लागतात, शिवाय आवाज भरपूर. स्पिन बाइकचं चाक पेडलला जखडलेलं असतं. पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतात, म्हणून घरात लहान मूल असेल तर दहा वेळा विचार करा. कंबर धरलेली असेल किंवा वय जास्त असेल तर पाठ टेकून बसायची घ्या. कुठलीही घेतलीत तरी खाली जाड रबरी मॅट हवी.

जागा कुठली? मेहुण्यानं ती ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी कोंबली होती. वारा नाही, खिडकी अर्धी बंद. वर सांगितलं तसं आपण खर्च केलेल्या ऊर्जेतला पाऊण भाग उष्णता होतो. पेडलवर ८० वॉट देणारा माणूस अंगातून अडीच-तीनशे वॉट उष्णता टाकत असतो, छोट्या हीटरसारखी. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला वारा आयता मिळतो, इथे मिळत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होतं, नुसता टपकला तर वाया जातो. मग ठोके उगाच चढतात आणि माणसाला वाटतं फार व्यायाम झाला. एप्रिल-मे महिन्यात तर अशा कोंदट जागेत वीस मिनिटांतच गळून जायला होतं. आम्ही दोघांनी ती हॉलमध्ये, पंख्याखाली आणली. टीव्हीसमोर आल्यामुळे तिच्यावर बसायचं कारणही वाढलं. घाम जास्त निघावा म्हणून पंखा बंद करणारे, अंगाला प्लॅस्टिक गुंडाळणारे लोक मी पाहिलेत. ते फक्त पाणी घालवतात, आणि पाणी पिताक्षणी वजन परत.

छातीत दुखणं, थोड्या श्रमानं दम लागणं, पूर्वीचा हृदयाचा त्रास, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर फार खाली आणू शकतील अशा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये, आणि साखर उतरली तर काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

निघताना मेहुण्यानं ड्रॉवरमधून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि स्क्रीनवरच्या कॅलरीच्या चौकटीवर आडवी चिकटवली. वेळ तेवढी दिसते. मध्यम दमाला त्याचे ८० वॉट धरले, तर पाऊण तासाला जरा वर अर्धा सिंहगड होतो, एवढं गणित मी त्याला पाठीमागच्या कॅलेंडरवर लिहून दिलं.

परवा पुन्हा पावणेसातला फोन. "भावोजी, अर्धा गड झाला!" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "आणि खाली उतरून दोन प्लेट भजी मागतोय, सांगा त्याला काहीतरी."